बर्फाच्या समुद्रातला श्रावण

दौंडच्या बाजारात सुका जवळा विकणारे एक चाचा बसत. पूर्वी ते देवमासे मारणाऱ्या जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा टाकत, थेट दक्षिणेच्या बर्फापर्यंत जाऊन आलेले. श्रावणात गिऱ्हाईक नसायचं, तरी टोपली मांडून माश्या हाकत बसत.

"तिकडं बी जवळाच," ते मला म्हणाले. "उन्हाळ्यात समिंदर लाल व्हतो, देवमासं तोंड उघडून नुसतं पीत सुटत्यात. मग हिवाळ्याचा लांबलचक अंधार पडला की जवळा खाली बुडतो. त्यांचा श्रावण लई महिनं चालतो."

"मग ते जगतात कसे?"

"त्यास्नी चरबी असती," म्हणत चाचांनी बरगड्यांवरून सदरा खाली ओढला.

मी पावशेर जवळा घेतला. घरी नेणं शक्य नव्हतं, म्हणून ऑफिसच्या खणात ठेवला. दुपारपर्यंत वास सगळीकडे पोचला. मी श्रावण पाळतो, हे त्यानंतर कोणी मानलं नाही.