पारसशेठच्या काउंटरवरचे लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माणूस मशीन ठेवून लगेच जात नाही. आधी ते कसं बिघडलं ते सांगतो, मग त्यावरून घरात काय झालं तेही सांगतो. मशीन दुरुस्त होऊन जातं, गोष्ट आमच्याकडं राहते. जालन्यात पारसशेठच्या दुकानात मी काउंटरवर बसायचो आणि मागच्या टेबलावर शकील मशीन खोलायचा. शेठच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. शेठनी त्याच जागेत कॉम्प्युटर आणले. लॅपटॉप तेव्हा नुकते घरोघर यायला लागले होते, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराची तक्रार एकच असायची. गेम अडकतो. आता शकील आणि मी कधी चहाला भेटलो की या गोष्टी हसत सुरू करतो, पण फार वेळ हसणं टिकत नाही.

*

राजूरचा संजय. गणपतीच्या देवळाबाहेर त्याचं नारळ-प्रसादाचं दुकान. त्यानं बाहेरगावाहून लॅपटॉप आणला, कारण खोक्यावर लाल रंगाची रेसिंग कार छापलेली होती. घरी गेम टाकला तर कार धक्के खात चालायची. जरा पुढं, थांबली. जरा पुढं, थांबली.

शकीलनं त्याला समजावलं, की यात गेमची चित्रं काढणारी वेगळी चिप नाही. आहे त्याच मेमरीत सगळ्यांना भागवावं लागतं, म्हणून मोठा गेम ओढत नाही.

संजय म्हणाला, "म्हणजे खोक्यावरची गाडी खोक्यावरच राह्यली."

आम्ही हसलो. मग त्यानं सांगितलं, की शाळेतल्या पोरांसाठी तो दुकानाशेजारी गेम खेळायची जागा काढणार होता. पेंटरकडून पाटी रंगवून झाली होती. गावभर सांगून झालं होतं. पुढं एका चतुर्थीला मी दर्शनाला गेलो, तर वर मोठ्या अक्षरात 'गेम झोन' आणि खाली नारळाचा ढीग!

*

एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप इतका तापायचा, की चिप स्वतःच वेग कमी करायची. मग चांगल्या मशीनवरही गेम रखडायचा. शकील सगळ्यांना सांगायचा, खालून हवा लागू द्या, गादीवर ठेवू नका.

एकानं हे फारच मनावर घेतलं आणि लॅपटॉप थेट पाण्याच्या कूलरसमोर मांडला. घेऊन आला तेव्हा कीबोर्ड उलटा केल्यावर पाणी पडलं.

"गेम एकदम मक्खन चालून राह्यल्ता," तो शकीलला म्हणाला. "तेवढं सांगतो तुम्हाला."

जसं काही मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलत होता.

*

गणेश आणि विशाल इंजिनिअरिंगला होते, एका रूमवर राहायचे. दोघांनी लॅपटॉप सोबतच, एकाच मॉडेलचे घेतले होते. मधे वायर जोडून एकमेकांविरुद्ध बंदुकीचा गेम खेळायचे. दुपारी लोडशेडिंग असायचं. लाइट होती तोवर सामना बरोबरीचा चालायचा. लाइट गेली, मशीन बॅटरीवर आलं, की गणेशचा गेम अडखळायचा आणि विशालचा पळत राहायचा. रोज गणेशच मरायचा.

सारखंच मशीन, मग हे कसं? विशालनं माझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी करून ठेवलंय, असं गणेशच्या डोक्यात बसलं. एकदा तो ते चारचौघांत बोलला. विशालनं शपथ घेतली, हा ऐकेना. शेवटी विशालनं सामान उचललं आणि कॉलेज बदलून पुण्याला गेला.

मग कधीतरी गणेश मशीन घेऊन आमच्याकडं आला. शकीलनं बघितलं. बॅटरीवर असताना ग्राफिक्सची ताकद कमी करायची, ही सेटिंग त्याच्यात चालू होती. चार्जिंग वाचावं म्हणून कंपनीच तशी ठेवते. विशालच्या मशीनमध्ये ती बहुधा बंद झाली असेल. शकीलनं ती बंद केली आणि चार्जरची वायर काढून गेम चालवून दाखवला. गेम पळायला लागला.

गणेश स्क्रीनकडं बघतच बसला. पारसशेठ म्हणाले, "बेटा, फोन लाव दोस्ताला. सांग, गलती मशीनची होती."

गणेश म्हणाला, "आता काय म्हणून सांगू शेठ? त्याच्या वडलांसमोर बोललो होतो मी."

त्यानं फोन केला का, ते आम्हाला कधी कळलं नाही. पण लॅपटॉप त्यानं थोड्याच दिवसांत आमच्याकडंच विकायला आणला.

*

धावड्याचे एक आबा होते. शेती बऱ्यापैकी, धोतर-टोपीतला माणूस, बोलणं कमी. त्यांचा मुलगा शिकायला जालन्यात होता. सुट्टीत घरी गेला असताना तो फोनवर मित्राला म्हणाला, की गेमसाठी चांगलं ग्राफिक कार्ड असतं तर मजा आली असती. आबांनी ते ऐकलं. मुलाला काही न सांगता औरंगाबादला गेले आणि दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड घेऊन आले.

मुलगा ते टॉवेलात गुंडाळून आमच्याकडं आला. टॉवेल उघडला तर शकील बघतच राहिला. पंख्यासकट हातभर कार्ड. टेबलावर ठेवायच्या मोठ्या कॉम्प्युटरचं. लॅपटॉपमधली चित्रं काढणारी चिप बोर्डालाच चिकटवलेली असते, त्यात हे बसवायला जागाच नसते. मुलाला ते आधीच माहीत होतं.

"मग आणलंस कशाला?" मी विचारलं.

"आबा म्हणाले, बसवून आण. मी निघालो तर फाट्यापर्यंत सोडायला आल्ते. त्यांना न्हाई कसं म्हणू?"

कार्ड विकणाऱ्या दुकानाला शेठनी फोन लावला. ते परत घ्यायला तयार नव्हते. मुलगा म्हणाला, तुमच्याकडंच राहू द्या, घरी दिसायला नको. शेठनी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं.

दिवाळीच्या आसपास आबा स्वतः दुकानात आले. आबांनी बसायला नकार दिला, उभ्यानंच म्हणाले, "तुमचे आभार मानाया आलो. पोरगं म्हणतंय, कार्ड लई चांगलं बसवलं. बिलकुल अडकत न्हाई आता."

शेठनी हात जोडले. "कार्डच चांगलं होतं, आबा."

ते गेल्यावर शेठनी ड्रॉवरला कुलूप लावलं. नंतर मुलगा एकदा चार्जर घ्यायला आला, तेव्हा शकीलनं विचारलं, गेम कसा चाललाय. तो म्हणाला, "खेळतच न्हाई. सुट्टीत घरी गेलो की आबा शेजारी येऊन बसतात बघायला. अडकलेला दिसला तर?"

*

आणि उत्तमराव. सळयांचा ट्रक चालवायचे. जालन्याच्या कारखान्यातून माल भरायचा आणि पार दक्षिणेपर्यंत जायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. एकदा वाटूरच्या पुढं, बाजारातून घरी निघालेली माणसं त्यांच्या ट्रकखाली आली. कोर्टानं त्यांना सोडलं. त्यांनी मात्र ट्रक सोडला तो सोडलाच. सायकलसुद्धा चालवत नव्हते.

त्यांच्या मुलाकडं एक जुना लॅपटॉप पडून होता. मुलानं शकीलकडून त्यावर ट्रक चालवायचा गेम टाकून घेतला, की म्हाताऱ्याचा वेळ जाईल. मशीन अगदी लेचंपेचं. शकीलनं गेममधली झाडं, सावल्या, रहदारी, सगळं बंद केलं, तेव्हा कुठं तो चालला. राखाडी रस्ता आणि त्यावर एकटा ट्रक. आधी उत्तमराव त्याच्याकडं बघायचेही नाहीत. मग हळूहळू रोज खेळायला लागले. मुलगा आम्हाला आनंदानं सांगायचा, की वडील आता जेवतात नीट, हॉर्न कुठं द्यायचा तेही मला शिकवतात.

त्या आनंदात मुलानं नवा लॅपटॉप घेतला. गेमची वेगळी चिप असलेला, त्या वेळचा भारीतला. आमच्याच दुकानात सुरू केला. गेमनं मशीन ओळखून स्वतःच सगळं वाढवून घेतलं. ऊन, धूळ, झाडाची पानंसुद्धा हलत होती. मुलगा सोबत आलेल्या वडलांना म्हणाला, "बघा दादा, आता खरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव एकटेच लॅपटॉप काखेत घेऊन आले. शकीलला वाटलं, काही बिघडलं.

"स्लो चालून राह्यला का, मामा?"

"न्हाई. लई बराबर चालून राह्यला." ते खुर्चीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "त्याच्यात रस्त्यानं माणसं चालून राह्यलीत. ती काढता येतील का?"

शकीलनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून सेटिंग उघडली आणि माणसं बंद केली. गेम सुरू करून स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. उत्तमरावांनी वाकून रस्त्याच्या दोन्ही कडा लांबपर्यंत नीट बघितल्या.

"हां," ते म्हणाले. "पोचले सगळे घरी."