काकांचं नाक आणि माझे हातमोजे

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला ऑपरेशन चालू असताना थिएटरबाहेर काढलं, आणि त्याला कारण माझ्या सख्ख्या काकांचं नाक.

शहापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी थिएटरची नर्स म्हणून नुकतीच लागले होते. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यावर योग्य ते हत्यार ठेवायचं, एवढंच माझं काम. आमच्या गावी, किन्हवलीत मात्र बाबांनी बातमी जरा सुधारून सांगितली होती, की आमची सुनंदा ऑपरेशनं करते. त्यामुळे हर्नियाचं ऑपरेशन ठरल्यावर बाळूकाकांनी मुरबाड नको, कल्याण नको म्हणत थेट शहापूर गाठलं. घरची पोर असताना परक्याच्या सुरीखाली कोण जाईल, असं त्यांचं म्हणणं. सोबत जीप भरून काकू, बाबा, आत्या आणि शेजारचे गणपतभाऊ. (गणपतभाऊंचं काही काम नव्हतं. त्यांना ऑपरेशन बघायचं होतं.)

पाठीत इंजेक्शन दिल्यावर काका कमरेखाली बधिर झाले. कमरेच्या वर मात्र टक्क जागे. हात दोन्ही बाजूंना पट्ट्यांनी बांधलेले, तोंड मोकळं. मी निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून, हात छातीशी धरून उभी. आता हत्यारांशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे थिएटरच्या मुख्य नर्स पवार सिस्टरांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

ऑपरेशन सुरू झालं आणि काका म्हणाले, "सुनंदा, नाक खाजतंय गो."

मी मास्कमधून त्यांना जरा दम धरायला सांगितलं.

"दम धरून वाढतंय ना. लहानपणी तुझं नाक कोण पुसायचा? मीच ना?"

डॉक्टरांनी कात्री मागितली, मी चिमटा दिला. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. पुढचं कसं झालं मला कळलंच नाही. माझं बोट त्यांच्या नाकावर होतं आणि काका डोळे मिटून म्हणत होते, "हां, जरा वर."

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, बाहेर. पुन्हा हात धुऊन या." पवार सिस्टरांनी माझी जागा घेतली.

हात धुवायचं बेसिन पॅसेजमध्ये, आणि पलीकडे काचेच्या दारामागे आमची जीपभर माणसं. नोकरी गेलीच, या खात्रीने मी डोळे पुसत बाहेर आले. ते बघून काकू मटकन खाली बसल्या. आत्यांनी गळा काढला. गणपतभाऊंनी किन्हवलीला फोन लावला. मी धावत जाऊन दार उघडलं आणि सांगितलं, काकांना काही झालं नाही, फक्त नाक...

"नाकाचं काय केलं तुमी?" काकू किंचाळल्या.

"हर्निया नाकात कुठनं आला?" बाबांनी विचारलं.

त्यांना समजावून आत गेले, तर आत्यांचा आवाज काकांपर्यंत पोचलेला. कोण गेलं, कोण गेलं म्हणून ते विचारत होते आणि त्यांचा बीपी चढला होता. पवार सिस्टरांनी मला हत्यारांकडे येऊ दिलं नाही. काकांच्या डोक्याशी स्टूल ठेवलं आणि म्हणाल्या, "तू इथे बस. यांच्याशी बोल."

मी काकांचा हात धरला आणि यंदाच्या भाताबद्दल, व्यायला आलेल्या म्हशीबद्दल बोलत राहिले. हळूहळू बीपी उतरला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, थांबू नका, बोलत राहा." या खोलीत माझा काही उपयोग आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मग काकांना झोपेचं इंजेक्शन दिलं, तरी मी बोलतच होते.

घरी जाताना काकांनी डॉक्टरांच्या पाया पडून पवार सिस्टरांना तांदळाची पिशवी दिली. मी बाजूला उभी राहून माझा नंबर लागायची वाट पाहत होते.

"तुला काय देऊ गो?" काका म्हणाले. "डॉक्टरांनी तुला भाईर काढली, तवढं आठवतंय. फुडचं काय बी आठवत नाय."

डॉक्टर हसून म्हणाले, त्या झोपेच्या इंजेक्शनाने होतं असं, त्याच्या आसपासच्या वेळचं सगळं पुसलं जातं.

मी त्यांना एवढंच विचारलं, की मग ते थोडं आधी देता आलं नसतं का?