लपवलेला कॉलम

हे मी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुझा आमच्या ऑफिसशी संबंध नाही — आणि मला त्या "पासवर्ड लाव ना, झालं"चा आता खरंच वैताग आलाय.

अंधेरीला ऑफिस, मी एचआरला. रजांची एक्सेल शीट माझ्याकडे. जो तो येऊन तेच — शीटला पासवर्ड लाव गं, मग पाठव. लावते! काय होतं त्याने? कोणी आकडे बदलू शकत नाही, एवढंच. वाचायला कोण अडवतंय? पण हे तेव्हा मला तरी कुठे कळत होतं.

वैशाली अकाउंट्समध्ये. मूल व्हावं म्हणून तिची ट्रीटमेंट चालू होती, आणि दुसऱ्यांदा फसली होती. ऑफिसात हे दोघींनाच माहीत — तिची जिवलग मैत्रीण रूपाली, आणि रजा मांडणारी मी. मला काय अवदसा आठवली देव जाणे — रजेचं कारण मी शीटमध्ये लिहिलं. तो कॉलम लपवला, पासवर्ड ठोकला आणि शीट अख्ख्या मजल्याला मेल केली.

वाट लागली, यार. पॅन्ट्रीत एक बाई सगळ्यांसमोर वैशालीला कुठल्याशा डॉक्टरचं नाव सुचवायला लागली.

वैशाली रडतच माझ्याकडे आली. "तू सांगितलंस की रूपालीने?"

"माझी शीट तर पासवर्डवाली आहे गं," मी म्हटलं.

तेव्हा ते खोटं नव्हतं ना? मला तसंच वाटत होतं. ती गेल्यावर मी करून बघितलं — सगळी शीट कॉपी, नव्या फाइलमध्ये पेस्ट, अनहाइड. पासवर्ड कोणी विचारलाच नाही! वैशालीचं दुखणं समोर उघडं, माझ्याच शब्दांत.

तिचं टेबल तिथेच तर होतं. उठायचं आणि सांगायचं — काय जड होतं? नोकरी जाईल म्हणून घाबरले? छे, नोकरी कुठली जाते! ती माझ्यावर चिडेल, एवढीच भीती. नाही उठले.

"मी कोणाला बोलले नाही," असं रूपालीने देवाशपथ सांगितलं, रडली. वैशालीने तिच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी रूपाली बदली मागून दुसऱ्या ब्रांचला गेली. तिच्या निरोपाचा केक मीच मागवला.

परवा वैशालीने नवे रिपोर्ट माझ्या हातात दिले. म्हणाली, "आता तुझ्याशिवाय कोणावर भरवसा नाही गं. तुझ्याकडे सगळं लॉक असतं."

मी हो म्हटलं.