भिंतीवरचे शके

दिल्लीत नद्यांचा आणि पूरबंदोबस्ताचा कायदा झाला, तेव्हा मला त्याचं काय घेणं-देणं! पण त्या कायद्याखाली आमच्या काशीत गल्ल्यांना पुरापासून भिंत मिळणार अशी कुणकुण लागली आणि मी पेपर अक्षरन् अक्षर वाचायला लागले. भोसले घाटामागच्या गल्लीत आम्ही तळमजल्यावर राहायचो. बाबांना अर्धांगवायू झालेला. दर पुरात शेजारी त्यांना खाटेसकट वरच्या मजल्यावर न्यायचे आणि बाबा शरमेने डोळे मिटून घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. आमची गल्ली यादीत यावी, बस्, एवढंच मला हवं होतं.

एका सकाळी पाहणीला ओव्हरसियर आला. पाणी कुठवर चढलं ते बाबा दर पुरानंतर सालासकट भिंतीवर गेरूने लिहीत. ते अंथरुणाला खिळल्यावर मी लिहायचे. तो आकडे उतरवून घेत होता. "संवत है न?" त्याने विचारलं. शेगडीवर दूध वर येत होतं. मी आतूनच ओरडले, "हाँ हाँ, वही!"

यादी लागली. शेजारची गल्ली आहे, पलीकडची आहे, आमचीच नाही! शेरा काय, तर गेल्या शंभर वर्षांत पूर नाही. अहो, मग मागच्या वर्षी गुडघाभर पाण्यात मी भांडी शोधत होते, ते काय होतं? मला काही सुधरेना. दोन दिवसांनी एकादशी कधी ते बघायला पंचांग उघडलं, तर वरच शके आणि संवत शेजारी-शेजारी छापलेले. आपण मराठी माणसं शके लिहितो, बाकी सारी काशी संवत. दोन्हींत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर. माझ्या एका 'हाँ हाँ'ने आमचे सगळे पूर कंपनी सरकारच्या काळात जाऊन पडले होते.

ऑफिसात धावले. एक साहेब म्हणाला लखनौला लिहा, दुसरा म्हणाला दिल्लीला. दुरुस्ती कायद्यात बसते का, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी चक्रावून घरी आले.

बाबांनी जड जिभेने विचारलं, "आलं का आपलं नाव?"

"आलं," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

पुढच्या भाद्रपदात पाणी उंबऱ्याशी आलं. शेजारी खाट उचलायला आले, तर बाबांनी चांगल्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली. "नको रे, भिंत आहे ना आता." मी त्यांचं एकेक बोट सोडवलं.