कोमट कॅपुचिनो

कालपासून माझं डोकं तापलंय. कॅफेत आईने कॅपुचिनोचा घोट घेतला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "कोमट आहे गं बाळा, जरा उकळून देतेस?"

"मॅम, कॅपुचिनो अशीच असते." मग एस्प्रेसोत पाणी घातलं की अमेरिकानो, दूध जास्त असलं की लाटे, फेस जास्त असला की कॅपुचिनो, असं ती आईला शिकवत बसली. एवढी नावं पाठ, आणि एक कप गरम करता येत नाही?

आमच्याकडे गप्पांत पाहुण्याचा चहा निवला, तर आई न सांगता उठून तो गरम करून आणायची.

मुलीला मात्र मी काहीच बोललो नाही. आईलाच म्हणालो, "इथे असं मागायचं नसतं."

"बरं," म्हणाली आणि ती कोमट कॉफी तिने शेवटच्या घोटापर्यंत संपवली.