फळ्यावरचा एक जून

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी लिहायचो. आज कोण जन्मलं, कुठली लढाई झाली, कोण गादीवर बसलं. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून हात चालता झालेला, आणि डोकं तापलेलं. त्याच आठवड्यात गावातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज भरून दिले होते. ज्याचा दाखला बघावा त्याची जन्मतारीख एक जून! माझीसुद्धा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच दिवस चिकटवलेला.

एक जूनला मी थोरामोठ्यांना पुसून टाकलं आणि ठळक लिहिलं: 'आज अख्ख्या गावाचा जन्म! आमचे खरे दिवस चोरणाऱ्या गुरुजींचा धिक्कार असो!'

निवृत्त झालेले गुरुजी सकाळी पेपर वाचायला आले. फळा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अक्षर सुधारलंय तुझं," एवढंच म्हणाले. "खरा दिवस आईला विचार." आणि पेपर न उघडताच गेले.

आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. विचारलं, तरी हातोडा चालूच.

"दिवाळी सरली हुती. हिरीवर आरोळी झाली, पानी लागलं, आन् हिकडं तू रडला. तारीख कुनाला ठाव?"

"मग एक जून कुठून आला?"

"शाळंत बसायला तुला सा म्हैनं कमी पडत हुतं. तुझा बाप म्हनला, वरीसभर म्हशी राखंल. म्हशीमागं गेलेलं प्वार परत शाळंत येतं व्हय? गुरुजींच्या दारात बसून ऱ्हायले. म्हनलं, कायबी लिवा, पर यंदाच घ्या." हातोडा थांबला. "का रं? त्यांना बोललास का काय?"

बोललो नव्हतो. लिहिलं होतं. आणि कामावरची सगळी माणसं संध्याकाळी वाचनालयावरूनच घरी जायची.

पळत आलो. फळा पुसला. लिहिलं: 'आपल्या विहिरीला पाणी लागलं. त्याच दिवशी एक पोरगा जन्मला. गुरुजींनी त्याला वेळेआधी शाळेत घेतलं, म्हणून त्याला हे लिहिता आलं.' मग गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलो.

खोट्या कागदांची मला आजही चीड येते. माझ्या त्या एका दाखल्यापुढे मात्र हात जोडतो.

गुरुजींनी सावकाश वाचलं. "तारीख राहिली की रे."

मी खडू त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच घाला, गुरुजी. नेहमीचीच."