रस्त्याकडचं अर्धं शेत

भाऊ असावा, पण तो नांगरवाला असू नये, असं ताई त्या वर्षी भेटेल त्याला ऐकवायची. ऐकणारा हसला की त्याच्याकडे अशी रोखून बघायची, की बिचाऱ्याला विषय बदलावा लागायचा. हसण्यासारखं त्यात होतं तरी काय? जिचं घर जळतं तिलाच धग कळते, बाकीचे लांबून हात शेकतात.

ताईच्या गोठ्यात सहा गाई. गोठा म्हणजे घराची मागची भिंत आणि त्यावर उतरतं पत्र्याचं छप्पर. स्वयंपाकघराची खिडकी थेट गोठ्यात उघडायची, त्यामुळे चहा गाळता गाळता कोण उभी आहे, कोण बसली आहे, कुणी चारा टाकून दिला आहे, हे तिला दिसायचं. या सहा जणींचं वर्षभराचं पोट एकाच शेतावर. तिथे ती मका लावायची. कणसात दाणे भरून चिकात आले की ताटं कणसासकट कापायची, कुट्टी करायची, सिमेंटच्या खड्ड्यात ट्रॅक्टरने तुडवून दाबायची आणि वर प्लॅस्टिक ओढून जुने टायर ठेवायची. आतल्या आत आंबून त्याचा मुरघास होतो. खड्डा काठोकाठ भरला तर सहाही गाई वर्ष काढणार. नाही भरला तर एक कमी करायची. हिशेब इतका सरळ होता.

धाकटा भाऊ ट्रॅक्टरवाला. नांगरट, रोटाव्हेटर, कुट्टीयंत्र, सगळं त्याचंच. त्याच्या नांगराचं तास दोरी धरल्यासारखं सरळ जायचं, याचा त्याला भारी तोरा. नांगरून झालं की तो बांधावर उभा राहून आपल्याच कामाकडे बघत बसायचा. काळंभोर, उलथंपालथं शेत, वर काडी नाही, कचरा नाही. 'हे शेत,' म्हणायचा, 'बाकीचं सगळं उकिरडा.'

आणि नेमका त्याच्याच सख्ख्या बहिणीने नांगर सोडला.

त्याचं कारण साधंच होतं. गोठ्यामागे जुन्या वैरणीची गंजी असायची. एका कोरड्या वर्षी ती उपसताना ताईला दिसलं, की आजूबाजूच्या जमिनीला बोटभर भेगा पडल्यात आणि गंजीखालची माती मात्र गार आहे, मुठीत दाबली तर लाडूसारखी वळते. तिने तिथेच बसून ती माती दोन-तीनदा वळून बघितली. पुढच्या हंगामात तिने धाकट्याला निरोप धाडला, नांगर आणू नकोस. आदल्या मक्याची धसकटं तशीच उभी, पाला तसाच पसरलेला, आणि दोन ओळींच्या मधून हाताने ढकलायचं टोकण यंत्र घेऊन बाई बी पेरत निघाली. पहिल्या वर्षी फजिती झाली, हेही सांगायला हवं. तण माजलं, उंदरांनी उच्छाद मांडला, आणि खड्डा जेमतेम भरला. लोकांनी तिला 'धसकटताई' नाव पाडलं. तिने ते अंगाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी ती तण उपटायला शिकली, तिसऱ्या वर्षी पाऊस ताणला तरी तिचा मका उभा राहिला, आणि नाव तेवढं राहून गेलं.

धाकट्याला मात्र ते नाव फार लागलं. शेत रस्त्याला लागून. पुढचा अर्धा भाग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, मागचा अर्धा ओढ्याकडे उतरत गेलेला, रस्त्यावरून न दिसणारा. कुणीही जाताना ट्रॅक्टरवर बसलेल्या धाकट्याला विचारायचं, 'काय रे, बहिणीच्या शेताला नांगर मिळेना का?' चारचौघांत त्याचं नाक कापलं जायचं. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण म्हणून माणसाने काय करावं, याला काही सुमार?

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली. गाई भावजयीच्या भरवशावर टाकल्या. भावजय गुणी बाई, गाईंना तिने जिवासारखं जपलं. पण ताई परत आली आणि गाडीतून उतरली ती रस्त्यावरच थबकली. शेताचा रस्त्याकडचा अर्धा भाग काळाभोर. खोल नांगरलेला, वर रोटाव्हेटर फिरवून पिठासारखा केलेला. एक धसकट शिल्लक नाही. मागचा अर्धा जसाच्या तसा. म्हणजे रस्त्यावरून दिसेल तेवढंच नांगरलं होतं. आल्यागेल्याला दाखवण्यापुरतं.

धाकटा बांधावर उभाच होता, कौतुकाची वाट बघत.

'ताई, म्हटलं, तू दमून येशील. तेवढाच हातभार.'

'मागचं का नाही केलंस?'

'मागे कोण बघतंय?'

हे तो अगदी निरागसपणे बोलला. त्याच्या मते त्याने उपकारच केले होते. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नातवाचे पेढे घेऊन आलेली बाई दारातच भांडणाने सुरुवात कशी करणार? ती एवढंच म्हणाली, 'माझ्या शेतात मला विचारल्याशिवाय?' आणि आत गेली. पिशवी ठेवली, हात धुतले आणि आधी गाईंकडे गेली.

पेरणीपुरता पाऊस झाला. ताईने दोन्ही भागांत एकच बी, एकाच हाताने, लागोपाठ पेरलं. पुढचा मका आधी उगवला, छान एकसारखा, आणि धाकट्याला अस्मान ठेंगणं झालं. दूध केंद्रावर, जिथे सकाळी सगळ्यांचं दूध मोजलं जातं, तिथे तो छाती पुढे काढून सांगायला लागला, 'ताईचं शेत यंदा मी नांगरलंय, बघा जरा.' अर्धं नांगरलं असं म्हणाला नाही. केंद्रावरचा मापाडी, ज्याच्या तोंडून बातमी सगळीकडे पोचते, त्याने ती तशीच पोचवली.

मग आभाळाने पाठ फिरवली. ढग यायचे, जायचे, रोज तोंडाला पानं पुसायचे. मका तुऱ्यावर यायला लागला, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त पाणी हवं तेव्हाच, आणि जमिनीत होतं-नव्हतं ते संपलं. पुढच्या भागात उघडी पडलेली माती उन्हाने भाजून निघाली. सकाळी दहाच्या आत पानांच्या सुरळ्या व्हायच्या. आधी संध्याकाळी त्या उलगडायच्या, मग तेही बंद झालं. खालची पानं करपली, तुरे आले तरी कणसांना केस फुटेनात. मागच्या भागात मात्र पाल्याची गोधडी होती, जुन्या मुळांच्या वाटा होत्या. तिथला मकाही कोमेजायचा, ताई काही खोटं सांगणारी नव्हती. पण दुपारी कोमेजून संध्याकाळी पुन्हा सावरायचा. ती मुद्दाम पाला बाजूला सारून बोट खुपसायची. बोटाच्या दुसऱ्या पेरापाशी गारवा लागायचा.

एक दिवस दूध घालायला गेली तेव्हा मापाडी सगळ्यांदेखत म्हणाला, 'ताई, नशीबवान आहात. भावाने नांगरलं म्हणून मागचं तरी वाचलं. पुढचं रस्त्याच्या धुळीने गेलं, त्याला कोण काय करणार?'

ताईने भावाकडे बघितलं. तो तिथेच, बरणीच्या झाकणाशी खेळत उभा. एक शब्द बोलायचा होता. मागचं मी नांगरलं नाही, एवढंच. पण मूग गिळून उभा राहिला. वर मान हलवली. मान हलवली, बघा. मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी तिथल्या तिथे त्याला सांगितलं, पुढच्या हंगामात आमचंही खोल नांगर.

'मागचं नांगरलेलं नाही,' ताई म्हणाली.

'असं कसं? हाच तर सांगत होता,' मापाडी म्हणाला आणि पुढच्याचं दूध मोजायला घेतलं. खरं बोलणाऱ्या बाईला लोक जेवढा वेळ देतात, तेवढाच त्याने दिला.

त्या दिवसापासून तिने धाकट्याशी बोलणं टाकलं. पण कुट्टीयंत्र त्याचंच, खड्डा तुडवणारा ट्रॅक्टरही त्याचाच. रुसून जायचं तरी कुठे? निरोप भावजयीमार्फत जायला लागले. भावजय मध्ये पिसली जायची आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालायची.

कापणीच्या सुमारास एक सर येऊन गेली. धाकटा दुसऱ्याच दिवशी यंत्र घेऊन दारात. 'आधी पुढचं कापून टाकतो. नुसतं उभं राहून तरी काय उपयोग?' घाई कशाची होती ते सांगायला नको. रस्त्यावरून रोज दिसणारं ते वाळकं शेत त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. पण ताणाने मेटाकुटीला आलेला मका पाऊस पडताच जमिनीतलं नको ते अधाशासारखं ओढून घेतो, आणि तेव्हाच कापून घातला तर जनावराला बाधतो. हे ट्रॅक्टरवाल्याला माहीत नव्हतं असं नाही. एकदा याच कारणाने शेजारची गाय आडवी झालेली दोघांनी बघितली होती.

ताई यंत्रासमोर जाऊन उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली.

'आठवडाभर राहू दे. आणि कापशील तेव्हा गुडघाभर खुंट ठेवून काप. बाधणारं सगळं बुडख्यात असतं.'

'एवढे खुंट ठेवले तर खड्ड्यात काय पडणार?'

'ते तू नांगर घालताना विचारायचं होतंस.'

आठवड्याने कापणी झाली. मागच्या भागातून ट्रॉल्या गच्च भरून आल्या, कणसांचे पिवळे तुकडे कुट्टीत चमकत होते. पुढच्या भागातून आला तो नुसता पाचोळा. खड्डा तुडवून झाला तेव्हा ताई काठावर उभी राहिली. माल काठाच्या बराच खाली राहिला होता. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. तिने गोठ्याकडे बघितलं. बांडी, सहांतली सगळ्यात वयस्क, दूध कमी देणारी, तोंड वर करून नव्या चाऱ्याचा वास घेत होती. ताईने पायावर उभी केलेली ती पहिली कालवड. कमी करायची तर तिलाच करावं लागणार होतं.

मक्याचा आडोसा गेला आणि शेत उघडं पडलं. मदतीला आलेली माणसं, मापाडीही त्यात होता, चहाचे पेले घेऊन बांधावर बसली. त्यांच्या समोर, मागच्या भागात, नव्या खुंटांच्या ओळींमध्ये गेल्या वर्षीची कुजत आलेली धसकटं स्पष्ट दिसत होती. नांगर तिथे कधी गेलाच नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. धाकट्यालाही दिसलं. तो लगबगीने उठून ट्रॅक्टरला नांगर जोडायला लागला.

'ओल आहे तोवर फिरवून घेतो,' तो म्हणाला.

ताई चालत गेली, ट्रॅक्टरची चावी काढली आणि कमरेला खोचली. 'मागच्या शेताला फाळ लागणार नाही. बघू दे सगळ्यांना.'

मापाडीने धसकटांकडे बघितलं, मग धाकट्याकडे. 'काय रे, तू तर म्हणाला होतास सगळं नांगरलंय?'

पेल्यातला चहा निवत होता. दुसऱ्यांदा तेच एक वाक्य बोलायची वेळ आली होती, आणि या वेळी तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर लिहिलेलं होतं, फक्त वाचून दाखवायचं होतं.

'ओढ्याची ओल असते ना खाली,' धाकटा म्हणाला. 'दुसरं काय.'

'हां, ओढा आहे खरा,' मापाडी म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तो ओढा होळकरांच्या वेळेपासून कोरडा असल्यासारखा समोर खडखडीत पडला होता, त्यात कुणाची तरी शेळी फिरत होती. पण ओढा म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. ताईने हात टेकले. रिकामे पेले गोळा केले आणि ती आत निघून गेली.

दोन दिवसांनी सकाळी बांडीला न्यायला टेंपो आला. मागची फळी पाडली, पण बांडी पाय रोवून उभी. टेंपोवाल्याने शेपूट पिरगाळलं तसा ताईने त्याचा हात झटकला. भावजय डोळे पुसत गोठ्याच्या दारात उभी होती. तेवढ्यात धाकटा आला. तो ओढून चढवायला आला होता, पण बांडीने त्याला ओळखून हात चाटला तसा त्याचा चेहरा पडला. ही कालवड असताना तिला बाटलीने दूध त्यानेच पाजलं होतं.

'ताई,' तो खाली बघत म्हणाला, 'मी उद्या केंद्रावर सगळं खरं सांगतो. सगळ्यांदेखत.'

ताईने दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं.

'केंद्रावर नंतर सांग,' ती म्हणाली. 'आधी हिला सांग.'

आणि ती घरात गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दिसत होतं. दावं हातात धरून धाकटा उभा होता आणि बांडी त्याचा हात चाटत होती. टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला तरी धाकट्याला ती फळीवर चढवता येईना.